हत्ती सध्या कुठे आहे

“अर्जदाराचा हत्ती सध्या कुठे आहे?” टॅटरसॉलसाहेबांनी विचारलं.

मी दुभाषी. दुभाष्यानं हसायचं नसतं, कपाळाला आठी घालायची नसते. जे कानावर आलं ते त्या भाषेतून या भाषेत ठेवायचं, कमी नाही, जास्त नाही. म्हणून मी समोर बसलेल्या हौसाला मराठीत विचारलं, “बाई, तुमचा हत्ती सध्या कुठं आहे?”

हौसानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग दाराकडे.

“कंचा हत्ती?”

“कोणता हत्ती, असं त्या विचारतात,” मी इंग्रजीत सांगितलं.

साहेबांनी दोन बोटांनी टाइप केलं. पडद्यावरची ओळ मला दिसत होती: अर्जदार हत्ती असल्याचं नाकारते.

इंग्लंडच्या उत्तरेला, जिथल्या सूतगिरण्या बंद पडून त्यांच्या जागी गालिच्यांची दुकानं झाली होती, अशा एका गावातली ही गोष्ट. आता तिला पुष्कळ वर्षं झाली. मायदेशी जिवाला धोका आहे, मला इथं राहू द्या, असा अर्ज कुणी केला की त्या माणसाची मुलाखत व्हायची. तिथं तो जे बोलेल त्याच्यावर सगळं ठरायचं. मराठीची गरज वर्षातून एखाद्या वेळी पडे, आणि मग मला फोन येई. लग्नाआधी मी सांगलीच्या बाजूला टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव बायकांच्या ओव्या गोळा करत हिंडायची. त्या कामाचा इथं काय उपयोग, असं माझे यजमान म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

हौसा तिशीची असेल. अंगावर सुती लुगडं आणि त्यावर कुणी दान दिलेला स्वेटर, स्वेटरवर बर्फातून घसरत जाणारं हरीण. डोईवरचा पदर हरणाच्या शिंगांवरून खाली आला होता. हलगीवाल्यांच्या एका पथकाबरोबर गाणी म्हणायला ती या देशात आली होती. पथक परत गेलं, ती गेली नाही. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. ती वाड्याजमिनीच्या मालकांची लेक, तो हलगी वाजवणारा. भावांनी दोघांना शोधून काढलं, खोली पेटवली. नवऱ्याचा पासपोर्ट त्यातच जळाला; तिचा पथकाच्या म्होरक्याकडे होता, म्हणून त्या धांदलीत निसटून ती एकटीच पथकाबरोबर निघाली. नवरा जिवानिशी सुटून कुठंतरी लपून होता. एवढं तिच्या अर्जात होतं. अर्ज, अशा अर्जदारांना ठेवत त्या छावणीतल्या कुणा भल्या इंग्रज बाईनं खाणाखुणांनी भरला होता.

मुलाखतीच्या आरंभी टॅटरसॉलसाहेबांनी तिचे हक्क वाचून दाखवले. मनुष्य वाईट नव्हता. नवा होता, आणि नियमांवर त्याची श्रद्धा होती, जशी काहींची सत्यनारायणावर असते.

“प्रश्न कळला नाही तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. कळलं?”

“व्हय,” हौसा म्हणाली.

“मधे विश्रांती मागायचा हक्क आहे.”

“व्हय.”

“मी पुरुष आहे. तुम्हाला बाई अधिकारी हवी असेल तर तसंही मागता येईल. हवी आहे का?”

“व्हय.”

साहेब थांबले. “म्हणजे माझ्याशी बोलायचं नाही?”

“व्हय, व्हय, बोलते की.”

“तुम्ही सांगाल ते तुमच्या देशातल्या कुणालाही कळवलं जाणार नाही. शेवटी सगळं वाचून दाखवलं जाईल. चूक असेल तिथं दुरुस्ती सांगता येईल. काही न कळलेलं आहे का?”

“व्हय.”

“काय कळलं नाही?”

“व्हय,” हौसा अदबीनं म्हणाली.

सरकारी माणूस बोलतो तेव्हा व्हय म्हणायचं, एवढं ती घरून शिकून आली होती. मला ते दिसत होतं, पण सांगायची सोय नव्हती. मी एकदा प्रयत्न केला. “साहेब, मी थोडं समजावून सांगू का?”

“मला आवडलं असतं,” ते खरोखर हळहळून म्हणाले. “पण तुम्ही समजावलंत तर ती तुमची साक्ष होते. मला यांची हवी आहे.” आणि त्यांनी बिस्किटांची बशी आमच्याकडे सरकवली.

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“नवऱ्याचं नाव?”

हौसाची मान खाली गेली. स्वेटरवरचं हरीण ती बोटानं कुरवाळू लागली.

“अर्जात नाव आहे,” साहेब म्हणाले. “पण ते यांच्या तोंडून यायला हवं. नीट सांगा यांना. आज नवऱ्याची नोंद पक्की झाली नाही तर यांना आश्रय मिळाला तरी त्याला पुढे बोलावून घेता येणार नाही. कागदोपत्री तो नसेलच.”

मी सांगितलं. हौसाचा चेहरा पडला. ती घोटभर पाणी प्यायली, तिनं पदर सारखा केला, आणि भिंतीवरच्या प्लास्टिकच्या फुलांकडे बघत एका दमात म्हणाली,

“चांदीच्या ताटात डाळिंबाचे दाणे,
श्रीपतरावांचं नाव घेते सायबाच्या म्हणण्याने.”

मला माझं लग्न आठवलं, उंबऱ्यावर अडवून धरणाऱ्या नणंदा आठवल्या. कमी नाही, जास्त नाही. मी इंग्रजीत म्हणाले, “चांदीच्या ताटात डाळिंबाचे दाणे आहेत. साहेबांनी सांगितल्यामुळे मी श्रीपतरावांचं नाव घेत आहे.”

टॅटरसॉलसाहेबांनी ते सगळं टाइप केलं. मग मान वर केली.

“ताट कुणाचं?”

“कंचं ताट?”

“अर्जात नाव श्रीपती आहे. हे श्रीपतराव कोण? वेगळे इसम आहेत का?”

“न्हाई वो. त्येच.”

“मग एकदा सरळ सांगा. नुसतं नाव.”

नुसतं नाव ती सांगेना. आणि एकदा घेतलेला उखाणा दुसऱ्यांदा घ्यायचा म्हणजे आळशीपणा, हेही ती घरूनच शिकून आली होती. थोडा विचार करून ती म्हणाली,

“दारी झुलतो हत्ती, वर सोन्याची अंबारी,
श्रीपतराव बसले, मी उभी शेजारी.”

मी ते इंग्रजीत ठेवलं. हत्ती ठेवला, अंबारी ठेवली. साहेबांनी हत्तीचं स्पेलिंग दोनदा तपासलं.

“तिसऱ्यांदा विचारतो,” ते म्हणाले. “शांतपणे. नवऱ्याचं नाव?”

हौसा आता थोडी रंगात आली होती. एवढ्या आग्रहानं तिला नाव घ्यायला लग्नातही कुणी सांगितलं नसेल. नव्हतीच कुणी सांगणारी. लग्न देवळात लपून झालं होतं, पुजारी आणि एक म्हैस यांच्या साक्षीनं.

“सात मजल्यांची माडी, माडीला काचंची खिडकी,
श्रीपतरावांची मी एकलीच लाडकी.”

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. अर्जाची पानं उलटली. “अर्जात म्हटलंय, राहायला वीटभट्टीवर पत्र्याची एक खोली होती. इथं सात मजली घर आहे. चांदीची भांडी आहेत. हत्ती आहे. सोन्याचं काहीतरी आहे. मला हे जुळवता यायला हवं.” आणि अगदी पोटतिडकीनं, तिला एक संधी द्यावी अशा स्वरात त्यांनी विचारलं, अर्जदाराचा हत्ती सध्या कुठे आहे.

तर असे आम्ही हत्तीपाशी आलो होतो.

“साहेब,” मी म्हटलं, “आमच्याकडे एक रीत आहे.”

“ती यांनी सांगायची.” त्यांनी हात वर केला. “मलाही हत्ती नकोच आहे, पण एकदा नोंद झाला की मी त्याला असा काढू शकत नाही.”

पुढचा प्रश्न नवरा कसा सुटला याचा होता. त्यांनी अर्जातलं वाक्य वाचलं. “तुम्ही म्हटलंय, मी त्याला नावानं हाक मारली आणि तो पळून गेला.”

“व्हय.”

“तुमची हाक ऐकून?”

“व्हय.”

“म्हणजे तो तुम्हाला भितो?”

हौसाच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं. “थोडं भित्यात. पर तसं न्हवं.”

“आणि तेव्हा तुम्ही नावानं हाक मारलीत. आता मात्र नाव सांगता येत नाही.”

“व्हय.”

त्यांनी टाइप केलं. पडदा माझ्या बाजूला थोडा कलता होता. नवरा तिच्यापासून पळून गेला. नाव सांगण्यास असमर्थ. विवाहाबाबत शंका. एकेक ओळ उतरत होती, पिठात खडे पडावेत तशी, आणि त्यातून पुढे भाकरी व्हायची होती ती या बाईच्या जन्माची.

साहेबांनी छापायचं बटण दाबलं. यंत्र घरघरलं. कागद गरम गरम बाहेर आले. “आता वाचून दाखवायचं,” ते म्हणाले. “त्याआधी तो हक्क पुन्हा एकदा सांगा. चुका दुरुस्त करता येतील, न कळलेलं विचारता येईल. तेवढाच मजकूर.”

तेवढाच मजकूर. मी हौसाकडे पाहिलं. ती व्हय म्हणायला ओठ उघडून तयार बसली होती. साध्या बोलीत सांगितलेलं तिला सरकारी वाटत होतं आणि सरकारी बोलणं तिच्या अंगावरून वाहून जात होतं. दुभाष्याचे नियम मला तोंडपाठ होते. कमी नको, जास्त नको, सल्ला नको. चालीबद्दल कुठे काही नव्हतं.

मी घसा साफ केला. पहाटे दळताना बायका धरतात त्या चालीवर हळू आवाजात म्हटलं,

“न्हाई कळला सवाल, तर फिरून इचारावा,
दमला जीव बाई, घोट पान्याचा मागावा.
लिवलं वाचत्यात, कान देऊन ऐकावं,
चुकलं जिथं जिथं, तिथं बोट गं ठेवावं.”

रेडिएटर तेवढा ठकठकत होता.

“हे शब्दशः होतं?” टॅटरसॉलसाहेबांनी विचारलं.

“तुमचं एकही कलम सोडलेलं नाही.”

“सुरात होतं.”

“आमच्याकडे होतं कधी कधी.”

त्यांनी समासात नोंद केली. दुभाषीने गायले. मग विचार करून पुढे लिहिलं, आक्षेप नाही.

हौसाचे डोळे मात्र बदलले होते. ती खुर्चीत सरसावली. “बोट ठिवायचं?” तिनं मला विचारलं. “सायबाच्या कागदाव?”

मी प्रश्न साहेबांना विचारला. साहेब म्हणाले, हो, तो त्यांचा हक्कच आहे. सकाळपासून तेच तर सांगतोय.

“मंग हे आदी सांगायचं न्हाई व्हय, ताई,” हौसा मला म्हणाली. मी तेही इंग्रजीत ठेवलं.

आम्ही वाचायला लागलो. साहेब एक ओळ वाचत, मी ती मराठीत सांगे. चांदीच्या ताटाशी आलो तशी हौसानं पदर कमरेला खोचला आणि कागदावर बोट टेकवलं.

“ताट चांदीचं न्हवतं. जर्मनचं व्हतं. पोचा पडल्याला.”

“अॅल्युमिनियमचं,” मी म्हटलं.

“डाळिंबाचे दाणे?”

“कुटलं डाळिंब. भाजल्यालं शेंगदाणं, ते बी सणाला.”

“हत्ती?”

“हत्ती न्हाई. एक शेरडी व्हती, ती बी भट्टीच्या मुकादमाची.”

“हत्ती नाही, शेळी. शेळी दुसऱ्याची,” मी सांगितलं. टॅटरसॉलसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पट्टी लावून हत्तीवर रेघ मारली. सोन्याची अंबारी गेली. सात मजले गेले. काचेच्या खिडकीशी हौसा क्षणभर घुटमळली.

“खिडकीच न्हवती,” ती म्हणाली.

त्या तिन्ही उत्तरांवर आता रेघाच रेघा होत्या, आणि दर उत्तरात खोडायचं एवढंच राहिलं होतं, श्रीपतराव. त्याच्यावर तिनं बोट ठेवलं नाही.

मग ती ओळ आली. मी त्याला नावानं हाक मारली आणि तो माझ्यापासून पळून गेला.

“थांबा,” हौसा म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं सरकारला थांबवलं. “माझ्यापास्नं न्हवं.”

“मग?”

तिनं पाणी मागितलं. मागायचा हक्क होता. प्यायली. मग बोलायला लागली, आणि मी तिच्यामागून चालत राहिले.

“दुपारची येळ. मी नळाव पानी भरत व्हते. थोरला भाऊ, धाकला भाऊ आन् चुलता आले. चुलता म्हंजे गावचा पोलीस पाटील, मंग तक्रार कुणाकडं करायची. त्येनी मला धरून खोलीपतुर आणली. दाराला आतनं कडी. आत ह्ये निजल्यालं, रातपाळी करून. भाऊ म्हनला, हाक मार. तुझ्या हाकंनं दार उघडंल. कोयता पाठीशी धरला व्हता, मला दिसंल असा.”

साहेबांची बोटं टाइप करायची थांबली.

“लगीन झाल्यापास्नं मी कवा त्येंचं नाव घेतलं न्हवतं. अहो म्हनायचं. एवडंच. अहो म्हनलं की ते येनार, हातातलं टाकून येनार, हे मला ठावं. मंग म्या काय केलं, नावानं हाक मारली. निस्तं नाव. लांबनं पोराला मारत्यात तशी. भावास्नी काय वाटलं न्हाई, त्येंच्या बायका बी शेरगावात ऱ्हाऊन नावानंच हाका मारत्यात. पर ह्येंनी आतनं वळकलं. बायकू नावानं बोलावती म्हंजे कायतरी इपरीत हाय. मागचा पत्रा उचकाटला आन् उसात शिरलं. भावांनी दार फोडलं तवा आत निस्ती वाकळ. मंग पेटावलं.”

मी शेवटचं वाक्य इंग्रजीत ठेवलं. माझा आवाज मला परक्याचा वाटला.

“तवापास्नं ते नाव म्हंजे ‘पळा’ असं झालंया, ताई. हितं मी नाव घ्यायचं आन् तिकडं ते जिथं कुटं असतील तिथनं...” ती थांबली. “एवड्या लांब ऐकू जात न्हाई, ठावं हाय मला. तरी.”

ते ‘तरी’ मला इंग्रजीत नीट ठेवता आलं नाही. तिथं माझी भाषा कमी पडली. साहेबांना ते कळलं असावं, कारण त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी चष्मा काढून आपल्या स्वेटरला पुसला. “उखाण्यात नाव कसं चालतं मग?” असं त्यांनी विचारलं. म्हणजे उखाणा हा शब्द त्यांना माहीत नव्हता, ते म्हणाले, “त्या हत्तीच्या वगैरे बरोबर.”

“सजवून नेलं की त्याला हाक म्हनत न्हाईत,” हौसा म्हणाली. “वरात म्हनत्यात.”

साहेबांनी हे टाइप केलं, कुणी न सांगता. मग ते अगदी साधेपणानं म्हणाले, “मी असं करतो. अर्जातलं नाव मी वाचतो. हळू. बरोबर असेल तर यांनी फक्त हो म्हणायचं.”

सकाळी पहिल्याच प्रश्नाला हे करता आलं असतं. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

“आणि सांगा यांना,” ते म्हणाले, “हे या खोलीबाहेर जाणार नाही.”

“ते आदीच म्हनला व्हता,” हौसा म्हणाली. “आत्ता ऐकू आलं.”

टॅटरसॉलसाहेबांनी दार नीट बंद आहे ना ते उठून पाहिलं. मग खुर्चीत बसून, पुढं वाकून, झोपलेल्या पोराशेजारी बोलावं तसं ते कुजबुजले, “श्रीपती?”

हौसानं कान देऊन ऐकलं. कुठे काही पळालं नाही.

“व्हय,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं जितके व्हय म्हटले होते त्यातला हा एकच मला पुरता इंग्रजीत ठेवता आला.

हौसाला आश्रय मिळाला. नंतर कागदपत्रांचे हेलपाटे झाले, फोटो परत आले, हे बदला, ते जोडा. नोंद पक्की होती म्हणून ते सगळं शक्य झालं. तोवर ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती आणि इंग्रज पोरांना वरणाची सवय लावत होती. शेवटी एक दिवस तिचा फोन आला. “ताई, ह्ये येनार हायत. इमानतळाव चला. मला एकटीला भ्या वाटतंय.”

विमान मुंबईचं. बाहेर पडणाऱ्या माणसांना ओळखू यावं म्हणून लोक नावांच्या पाट्या घेऊन उभे असतात, तशी मीही एक पुठ्ठ्याची पाटी करून नेली होती, मराठीत आणि इंग्रजीत. हौसानं ती हातात घेतली नाही.

“तुमीच धरा,” ती म्हणाली आणि पाटीपासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

लोंढा बाहेर आला. मुंडाशी, टोप्या, हातात लोणच्याची बोचकी. त्यात एक सावळा, उंच, हडकुळा माणूस, खांद्याला हलगी, कापडात गुंडाळलेली, हातात बोचकं. पाटीकडे त्याचं लक्षच गेलं नाही. सगळे डावीकडे वळत होते, तो पाण्यातलं पान जावं तसा उजवीकडे निघाला. तिकडे दुसरं दार होतं आणि दाराबाहेर बसगाड्या.

“तेच?” मी विचारलं.

हौसानं मान डोलावली.

तो दाराशी पोचला होता. मी पाटी उंच केली आणि हाक मारायला छाती भरून श्वास घेतला. हौसानं माझं मनगट घट्ट धरलं.

“नावानं नको, ताई,” ती म्हणाली. “पळतील.”

मग तिनं डोईवरचा पदर सारखा केला, आणि त्या प्रचंड काचेच्या इमारतीत, शेकडो माणसांच्या गलक्यात, फार मोठ्यानंही नव्हे, एकदाच म्हणाली,

“अहो.”

विमान मुंबईचं होतं. चार-पाच पुरुष वळले. एकाच्या हातून तर बॅगही निसटली. मग ते एकेक ओशाळून आपापल्या वाटेनं गेले, आणि एकजण वळलेला तसाच उभा राहिला.

त्यानं हातातलं खाली टाकलं आणि आला.